एक फीत, एक मजुरी, शंभर तबकड्या

यंत्राने लोकांचे गाणे मारले, हे वाक्य पुरोगामी व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. ज्या व्यासपीठावरून ते उच्चारले जाते त्याच्या दोन्ही बाजूंना कर्णे बांधलेले असतात, हे वक्त्यांच्या ध्यानात येत नाही ही गोष्ट वेगळी. वाक्यामागचा विचार असा की लोकांचे गाणे हे गळ्यात आणि हातात असते. मध्ये ध्वनिमुद्रण आले, त्यामागून कंपनी आली, कंपनीमागून बाजार आला आणि गाणारा समाज हा ऐकणारा ग्राहक होऊन बसला. याच्या उलट बाजूला बाजाराचे भाट आहेत. त्यांच्या लेखी यंत्र म्हणजे गरिबाला लाभलेला वर. ज्याच्या अंगी गुण असतील तो झोपडपट्टीतूनही जग जिंकील, सबब कायदा, संघटना आणि मालकी असल्या कंटाळवाण्या प्रश्नांची चर्चा हवी कशाला! ही दोन्ही मते एकाच हकीकतीवर घासून पाहावयाची असतील तर जमैका बेटावरील एका वीजतंत्रज्ञाची हकीकत घ्यावी. तिच्यापुढे दोन्ही टिकत नाहीत. आणि जे तिसरे मत उरते ते समाजवाद्यांना फारसे सुखाचे नाही.

या तंत्रज्ञाचे नाव ऑसबोर्न रडक. जन्म २८ जानेवारी १९४१, किंग्स्टन शहरातला. जगाने त्याला ‘किंग टबी’ या नावाने ओळखले. त्याने कधी वाद्यवृंद चालवला नाही, गायक म्हणून नाव काढले नाही, गीते रचली नाहीत. तो रेडिओ दुरुस्त करी, ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळी, ॲम्प्लिफायर बांधी. पश्चिम किंग्स्टनमधील वॉटरहाउस या श्रमिकांच्या वस्तीत, ड्रॉमिली ॲव्हेन्यूवरील १८ क्रमांकाच्या लहानशा घरात त्याचे काम चाले. तरीही गेल्या अर्धशतकात जगभर जे नृत्यसंगीत वाजले त्यातील फार मोठ्या भागावर या दुरुस्तीवाल्याच्या बोटांचे ठसे आहेत.

हे कसे घडले ते समजण्यासाठी जमैकातील नाचाची रीत आधी समजून घेतली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात किंग्स्टनच्या गरिबाला वाद्यवृंदाचा नाच परवडत नसे आणि घरी ग्रामोफोन नसे. त्याच्यासाठी मोकळ्या अंगणांत, माणसापेक्षा उंच अशा ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून तबकड्या वाजवल्या जात. या जुळणीला तेथे ‘साउंड सिस्टिम’ म्हणत. रेडिओवर ज्यांच्या गाण्याला जागा थोडी, त्यांचे आकाशवाणी केंद्र ते हेच. येथे ध्वनिमुद्रण ऐकणारा माणूस एकटा खोलीत बसलेला नव्हता. तो शेकडोंच्या गर्दीत, बास गिटारचा ठोका छातीच्या फासळ्यांत घेत उभा होता. अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या पुरेनाशा झाल्या तेव्हा ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्यासारख्या साउंड सिस्टिमच्या मालकांनी स्वतःच गाणी मुद्रित करण्यास प्रारंभ केला. स्का, रॉकस्टेडी आणि रेगे यांचा वंश या अंगणांतून निघाला. यंत्राने गर्दी फोडली असा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी या अंगणांत एक रात्र काढली असती तर बरे झाले असते. यंत्राने येथे गर्दी जमवली.

टबीने स्वतःचीही साउंड सिस्टिम उभी केली. ‘हायफाय’ हा शब्द त्याने केवळ मिरवला नाही. खालचा आणि वरचा आवाज वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरमधून नेणे, निवेदकाच्या बोलण्याला प्रतिध्वनीची जोड देणे, या गोष्टी त्याच्या जुळणीत जशा ऐकू येत तशा किंग्स्टनमध्ये अन्यत्र ऐकू येत नसत. त्याच्या ध्वनिक्षेपकासमोर यू-रॉय नावाचा तरुण तबकडीच्या तालावर पद्याच्या अंगाने बोले. याच यू-रॉयने १९७० मध्ये ड्यूक रीडसाठी मुद्रित केलेल्या तबकड्या जमैकात अफाट खपल्या, आणि तालावर बोलणे हीच एक गायकी ठरली. क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क याचा जन्म किंग्स्टनचाच. किशोरवयात तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला आणि ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीच्या सभागृहात दोन तबकड्या आणि मोठे ध्वनिक्षेपक घेऊन त्याने नाच भरवला. हिप-हॉपचा इतिहास त्या दिवसापासून मोजतात.

परंतु टबीचे खरे कर्तृत्व पुढेच आहे. तो ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल या ध्वनिमुद्रणगृहात तबकड्या कापण्याचे काम करी. नाचाच्या रात्री वाजवण्यासाठी मऊ लाखेच्या एकेकट्या तबकड्या कापून घेण्याची चाल होती. त्या थोड्याच वेळा वाजत आणि झिजून जात. १९६७-६८ च्या सुमारास रडी रेडवुड नावाच्या साउंड सिस्टिमच्या मालकासाठी अशी तबकडी कापताना बायरन स्मिथ या तंत्रज्ञाकडून गायकाचा आवाज राहून गेला. रेडवुडने ती तशीच नेली, आणि नुसत्या तालावर सारे अंगण स्वतःच गाऊ लागले. इतिहासात या चुकीचे श्रेय अनेकदा वाटेल त्याच्या पदरात घातले जाते. ते स्मिथच्या हाताचे आहे, एवढे नोंदवले पाहिजे. टबीने त्या चुकीची पद्धत केली, आणि पद्धतीची कला.

१९७२ च्या सुमारास, बनी ली या निर्मात्याच्या मध्यस्थीने, त्याने डायनॅमिक साउंड्स या मोठ्या ध्वनिमुद्रणगृहाने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर विकत घेतला. चार ट्रॅक म्हणजे फितीवर चार समांतर पट्टे: ढोबळमानाने एकावर ड्रम, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर गिटार, कळवाद्ये व पितळी वाद्ये, चौथ्यावर गळा. जाणकारांच्या मते हा सरंजाम तेव्हाच जुना झाला होता. इंग्लंड-अमेरिकेत सोळा ट्रॅकची भाषा चालू होती. टबीच्या घरात तर वादक बसवण्यापुरती जागाही नव्हती. गायकाला न्हाणीघरात उभे करून त्याचा आवाज घेत. म्हणून फीत दुसरीकडे मुद्रित होई, ती घेऊन निर्माता वॉटरहाउसला येई, आणि टबी मिक्सरपुढे बसे.

येथे यंत्राचा अर्थच बदलतो. मिक्सर हे हिशेब जुळवण्याचे साधन: कोणाचा आवाज किती, एवढे ठरवणारे. टबीने ते वाद्यासारखे वाजवले. फीत पळत असताना गळ्याचा फेडर खाली ओढायचा, पण ओढण्यापूर्वी एक तुटका शब्द प्रतिध्वनीच्या यंत्रात टाकून द्यायचा, की तो शब्द रिकाम्या जागेत घरंगळत जाई. गिटारचा एकच आघात आत येऊ द्यायचा आणि दार लावून घ्यायचे. ड्रम आणि बास हे दोघेच बराच वेळ चालत राहायचे. मिक्सरवरचे एक मोठे बटण टप्प्याटप्प्याने फिरवले की खालचा आवाज चाळला जाई आणि झांजांचा फवारा अंगावर येई. हे सारे एका दमात, हाताने. दुसऱ्या दमाला तेच घडणे अशक्य. या प्रकाराला ‘डब’ हे नाव पडले. ऑगस्टस पाब्लोने निर्मिलेल्या, जेकब मिलरने गायलेल्या एका साध्या प्रेमगीताच्या पाठीमागे टबीचा असाच एक डब छापला गेला, आणि ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’ या नावाने तो मूळ गाण्यापेक्षा प्रसिद्ध झाला. शीर्षकात अभियंत्याचे नाव! लोकप्रिय संगीतात ही गोष्ट पूर्वी कोणी ऐकली नव्हती. गाणे हे एकदा मुद्रित झाले की संपले, ही समजूत तेथे संपली. पुढे रीमिक्स या नावाने जगभर जो धंदा झाला त्याचा एक मूळ कारखाना न्हाणीघराला लागून असलेली ही खोली होती.

बाजाराचे भाट एवढ्यावर थांबतात. त्यांना हवी असलेली गोष्ट त्यांना मिळालेली असते: गरीब वस्ती, टाकाऊ यंत्र, एकट्याची प्रतिभा, जगाची मान्यता. समाजवाद्याने मात्र येथूनच पुढे विचारले पाहिजे की ड्रम कोणी वाजवला होता, आणि त्याला त्याचे किती मिळाले.

हिशेब सोपा आहे. तबकडीला दोन बाजू असतात. पूर्वी दुसऱ्या बाजूला दुसरे गाणे लागे. म्हणजे वादकांची आणखी एक बैठक, गायकाचे आणखी एक मानधन. डबने ही गरज मिटवली. पहिल्या बाजूचीच फीत, गळा काढून, दुसऱ्या बाजूला. मग त्याच फितीवर दुसरा गायक, तिसरा, चौथा. वर तालावर बोलणारे निराळे. बनी ली यांच्यासारख्या निर्मात्यांनी एकेका तालावर तबकड्यांच्या रांगा लावल्या. कार्लटन ‘सँटा’ डेव्हिसने ड्रमवर आणि रॉबी शेक्सपिअरने बासवर एका दुपारी जे वाजवले त्याची मजुरी गाण्यामागे एकदा ठरलेल्या रकमेत मिळे, आणि तेथेच संपे. फीत मात्र निर्मात्याच्या कपाटात कामाला लागे. कापडगिरणीत एका कामगाराला दोनाऐवजी चार माग सांभाळायला लावले तेव्हा मजूर चळवळीने आरडाओरड केली होती. येथे तर कामगार घरी गेला आणि त्याची दुपार पुढील वीस वर्षे मागावर चालत राहिली.

याचा दोष टबीवर टाकणे सोयीचे होईल, पण ते अन्यायाचे होईल. तो निर्मात्यांकडून मिक्सिंगचे पैसे घेणारा कारागीर होता. फितीची मालकी बहुधा त्याची नव्हती. १९८० नंतर त्याने अधिक चांगले ध्वनिमुद्रणगृह उभारले आणि स्वतःच्या नाममुद्रेखाली तबकड्या काढल्या, तेव्हा तोही टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. कारागीर मालक झाला म्हणून मालकीचा प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांना येथे विचार करण्यास जागा आहे. दोष हवाच असेल तर तो एका कायद्याच्या कलमात शोधावा लागतो. ब्रिटनचा १९११ चा प्रताधिकार कायदा साम्राज्याबरोबर जमैकात गेला आणि १९६२ च्या स्वातंत्र्यानंतरही तेथेच राहिला. ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ कोण, याचे त्या कायद्यातील उत्तर असे की, मूळ साचा तयार झाला त्या वेळी तो ज्याच्या मालकीचा होता, तो. गाणारा नव्हे, वाजवणारा नव्हे, मिक्सर चालवणारा तर नव्हेच. साच्याचा मालक हाच कर्ता! कारखान्याचा मालक हाच विणकर, असे लिहायला विधिमंडळे धजली नसती. ध्वनीच्या बाबतीत त्यांनी ते विनासंकोच लिहिले.

आता त्या अप्रिय गोष्टीकडे आले पाहिजे. १९७२ मध्ये जमैकात मायकेल मॅन्ले यांचा पीपल्स नॅशनल पार्टी हा पक्ष सत्तेवर आला. त्यांच्या प्रचाराच्या गाड्यांवर रेगे गायक गात होते, आणि ज्या गाण्याने त्या निवडणुकीला घोषणा दिली ते डेलरॉय विल्सनचे गाणे बनी ली यांनीच काढले होते. १९७४ मध्ये मॅन्ले यांनी लोकशाही समाजवाद हे पक्षाचे ध्येय म्हणून जाहीर केले, आणि त्याच वर्षी एक खरोखर धाडसाचे पाऊल उचलले: बेटावरील बॉक्साइट खणून नेणाऱ्या अमेरिकी व कॅनेडियन कंपन्यांवर, ॲल्युमिनियमच्या बाजारभावाच्या साडेसात टक्के या हिशेबाने कर बसवला. तर्क निर्दोष होता. तांबडी माती येथून कवडीमोलाने जाते, तिचे धातूत रूपांतर परदेशात होते, आणि नफाही तेथेच राहतो. तेव्हा नफ्याशी जोडलेला वाटा मातीच्या मालकाला मिळालाच पाहिजे.

तोच तर्क फितीला कोणी लावला नाही. त्याच वर्षांत किंग्स्टनहून लंडनला ज्या फिती जात होत्या त्यांचेही असेच होते: येथे एकरकमी किंमत, तेथे तबकडी, तेथे विक्री, तेथे पुनर्मुद्रण. मॅन्ले यांच्या कारकिर्दीत, १९७७ मध्ये, नवा प्रताधिकार कायदा संमत झाला. पण तो अमलात आणला गेला नाही. आर्थिक संकट, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची दारे ठोठावणे, रस्त्यांवरील गोळीबार, या सबबी खऱ्या होत्या. तरीही प्रश्न राहतोच. सरकारने संगीताला प्रचाराचा झेंडा मानले. संगीत हा उत्पादक श्रम आहे, त्यात मजूर आहेत, भांडवल आहे, वरकड मूल्य आहे, असे मानले नाही. कलावंताला सभेत बोलावणे आणि त्याचा हिशेब मात्र न पाहणे, ही सवय केवळ जमैकातील समाजवाद्यांची आहे असे कोणी शपथेवर सांगू शकेल काय?

विरुद्ध बाजूचे राजकारण याहून चांगले नव्हते. १९८० मध्ये मॅन्ले यांचा पराभव करणारे एडवर्ड सिआगा हे राजकारणात स्थिरावण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाचे व्यापारी होते. त्यांनी विकलेल्या कंपनीतूनच पुढे डायनॅमिक साउंड्स झाली, म्हणजे टबीच्या मिक्सरची वंशावळही त्या दारातून जाते. त्या निवडणुकीच्या वर्षी सुमारे आठशे माणसे मारली गेली. दोन्ही पक्षांच्या बंदुका श्रमिकांच्याच वस्त्यांत होत्या, आणि वॉटरहाउसला लोक ‘फायरहाउस’ म्हणू लागले होते. डबमधील त्या रिकाम्या जागा, ते अचानक तुटणारे शब्द हे त्या काळाचे चित्र आहे असे काही समीक्षक म्हणतात. असेल. पण त्या रिकाम्या जागेतून एक वादकही बाहेर गेलेला होता, हे समीक्षेत येत नाही.

तो पुरता बाहेर गेला १९८५ मध्ये. टबीच्याच हाताखाली तयार झालेल्या लॉइड जेम्स ऊर्फ प्रिन्स जॅमी याने वेन स्मिथ या गायकाचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढले. त्यात ड्रमवाला नव्हता आणि बासवालाही नव्हता. कॅसिओ कंपनीच्या एमटी-४० या स्वस्त कळफलकात कारखान्यातूनच भरून आलेला एक ताल होता, तो संथ केला, एवढेच. हा ताल शेकडो गाण्यांखाली वाजला. तो रचला होता हिरोको ओकुदा या कॅसिओच्या तरुण कर्मचारी स्त्रीने. संगीत महाविद्यालयात तिने रेगेवरच प्रबंध लिहिला होता. म्हणजे येथेही ‘यंत्राचा ताल’ म्हणून जे वाजले त्यामागे एक नोकरदार बाई होती. नाव कंपनीचे, ताल कंपनीचा, आणि तिच्या वाट्याला महिन्याचा पगार. यंत्राने माणसाची जागा घेतली असे म्हणताना, यंत्रात कोणाला कोंडले आहे तेही पाहावे लागते.

हे सारे दूरच्या बेटाचे दुखणे म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण ते कलम इकडेही होते. १९११ चाच कायदा १९१४ मध्ये हिंदुस्थानात लागू झाला, आणि स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यानेही ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून मूळ साच्याच्या मालकालाच मान्यता दिली. १९९४ च्या दुरुस्तीने साच्याच्या मालकाऐवजी ‘निर्माता’ हा शब्द घातला. खुर्चीवरचा माणूस तोच राहिला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वाद्यवृंदरचनाकारांनी जे उभे केले त्याची तबकडीच्या आवरणावर क्वचितच नोंद झाली. मल्टिट्रॅक आणि पाठोपाठ सिंथेसायझर आल्यावर व्हायोलिनच्या रांगा ध्वनिमुद्रणगृहातून नाहीशा झाल्या. त्यांनी पूर्वी वाजवलेले सूर मात्र २००० नंतरच्या रीमिक्सच्या लाटेत पुन्हा बाजारात आले. तेव्हा झालेला वाद हा अभिरुचीचा वाद होता: जुन्या गाण्यांचे पावित्र्य विटाळले की नाही! व्हायोलिनवाल्याच्या विधवेला काय मिळाले, हा प्रश्न कोणत्याही परिसंवादात निघाला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा करारानेही काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली, आणि ती स्वागतार्हच आहे. मिक्सरपुढे बसणारा माणूस त्यात नाही.

तेव्हा यंत्र नको, असे म्हणण्यात अर्थ नाही. टबीच्या हातात ते गेले म्हणून एका वस्तीला स्वतःचा आवाज जगाच्या कानात घालता आला. भांडण आहे ते कपाटाच्या किल्लीवरून. एका बैठकीची फीत जितक्या वेळा वापरली जाईल तितक्या वेळा वादकाला वाटा. मिक्सर चालवणाऱ्याला कर्ता म्हणून नाव आणि हिस्सा. आणि ठरावीक मुदतीनंतर मूळ फीत ज्यांच्या श्रमाने झाली त्यांच्या सामाईक मालकीत परत. या तीन मागण्या कोणत्याही कामगार संघटनेच्या सनदेत शोभाव्यात इतक्या साध्या आहेत. सांस्कृतिक आघाडीच्या ठरावांत त्या आजवर का आल्या नाहीत, याचे उत्तर ठराव लिहिणाऱ्यांनी द्यावे.

६ फेब्रुवारी १९८९ रोजी ध्वनिमुद्रणगृहातून घरी परतलेल्या टबीला ड्युहेनी पार्क भागातील त्याच्या दारासमोर गोळी घालून मारण्यात आले. मारेकरी सापडले नाहीत. जमैकाचा नवा प्रताधिकार कायदा १९९३ च्या सप्टेंबरात अमलात आला. तोवर वॉटरहाउसच्या त्या खोलीत मिक्स झालेल्या किती तरी फिती लंडनच्या कंपन्यांच्या यादीत चढून पंधरा-वीस वर्षे झाली होती.